रेस्टॉरंट आणि बारसाठी पेमेंटची सुरक्षित यंत्रणा कशी निवडावी?

उंबरठा (धाग्याची सुरुवात)

नमस्कार मंडळी. गेली काही वर्षे मी आणि माझी भागीदार मिळून एक रेस्टॉरंट चालवत आहोत. आता त्याला जोडून बार सुरू करायचा आहे आणि त्या निमित्ताने पैसे स्वीकारण्याची सगळी व्यवस्था नव्याने बसवायचे ठरले आहे. ही निवड करताना किंमत आणि सोय यांच्याआधी सुरक्षिततेचा विचार करायचा, असा आम्हा दोघींचा निश्चय आहे आणि त्यामागे एक अनुभव आहे.

मागच्या वर्षी आमच्याकडे नेहमी येणाऱ्या एका कुटुंबाने आम्हाला सांगितले की त्यांच्या कार्डावर त्यांनी न केलेले व्यवहार पडले आहेत आणि त्या महिन्यात ते कार्ड आमच्याखेरीज फार थोड्या ठिकाणी वापरले गेले होते. त्यांनी आरोप केला नाही, उलट फार सौजन्याने विचारले. पण माझ्याकडे उत्तर नव्हते. कार्ड आमच्या यंत्राला लागल्यापासून पैसे खात्यात जमा होईपर्यंत त्या क्रमांकाचे नेमके काय होते, तो कुठे साठतो आणि कोणाकोणाला दिसतो, हे मला माहीतच नव्हते. चौकशीत आमच्याकडे काही सापडले नाही. पण सापडले नाही म्हणजे घडलेच नाही असे म्हणता येत नाही आणि ती रुखरुख अजून गेलेली नाही.

सध्या काउंटरवर बिलिंगचा एक संगणक आहे आणि त्यालाच कार्ड-रीडर जोडलेला आहे. त्याच संगणकावर आम्ही ईमेल पाहतो आणि पुरवठादारांची बिले छापतो. सॉफ्टवेअर बसवून देणारा माणूस काही अडचण आली की दूरून त्यात शिरून दुरुस्ती करतो. पाहुण्यांचे वाय-फाय त्याच राउटरवरून चालते. मोठ्या आरक्षणासाठी आगाऊ रक्कम घ्यायची असेल तर फोनवरून कार्डाचा क्रमांक विचारून तो आरक्षणाच्या वहीत लिहिला जातो. हे सगळे लिहून काढतानाच यात काय काय चुकत आहे याची मला थोडी कल्पना आली.

तीन कंपन्यांचे प्रतिनिधी येऊन गेले आणि तिघांनीही आपली यंत्रणा पूर्ण सुरक्षित आणि प्रमाणित असल्याचे सांगितले. त्यांना नेमके काय विचारावे, बारमध्ये पाहुण्याचे खाते रात्रभर उघडे ठेवताना कार्डाचे काय करावे आणि निवड झाल्यावर आमच्या बाजूने कोणती काळजी घ्यावी, याविषयी प्रत्यक्ष काम केलेल्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तारयंत्र

मी दुकाने आणि उपाहारगृहांच्या पेमेंट यंत्रणा जोडण्याचे काम करतो. तुम्ही ज्या प्रामाणिकपणे स्वतःची स्थिती मांडली आहे, तिथूनच सुरुवात करतो.

प्रतिनिधींना पहिला प्रश्न असा विचारावा की, "कार्डाचा क्रमांक आमच्या संगणकात कोणत्याही क्षणी, एका सेकंदापुरता तरी, वाचता येईल अशा रूपात येतो का?" बाकीचे प्रश्न यानंतरचे. हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, ते समजण्यासाठी चोरी कशी होते हे पाहावे लागेल.

जुन्या पद्धतीच्या जोडणीत रीडर कार्ड वाचतो आणि ती माहिती बिलिंगच्या संगणकाकडे देतो. सॉफ्टवेअर ती पुढे पाठवताना कूटबद्ध करते, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात बदलते, आणि डिस्कवर साठवतानाही कूटबद्ध करते. पण मधल्या क्षणी ती संगणकाच्या मेमरीत उघडी असते. चोरांचे प्रोग्राम नेमके तिथेच टपून बसतात. मेमरी सतत चाळायची आणि कार्डाच्या माहितीसारखा दिसणारा मजकूर उचलायचा, एवढेच त्यांचे काम असते. २०१३ मध्ये अमेरिकेतील टार्गेट या दुकानसाखळीतून सुमारे ४ कोटी कार्डांची माहिती याच मार्गाने गेली आणि चोरांनी आत शिरण्यासाठी वापरलेले लॉगिन वातानुकूलन-शीतकरणाची कामे करणाऱ्या एका बाहेरच्या कंत्राटदाराचे होते.

तुमच्या व्यवसायाला अधिक जवळचे उदाहरण सबवेचे आहे. तिथल्या १५० हून अधिक शाखांच्या बिलिंग यंत्रणांमध्ये शिरणाऱ्या रोमेनियातील टोळीवरचे आरोपपत्र डिसेंबर २०११ मध्ये उघड झाले. दूरून दुरुस्ती करता यावी म्हणून इंटरनेटकडे उघडे ठेवलेले संगणक शोधायचे, त्यांचे कमजोर पासवर्ड फोडायचे आणि आत माहिती टिपणारा प्रोग्राम ठेवून द्यायचा, ही त्यांची पद्धत होती. म्हणजे तुमचा सॉफ्टवेअरवाला ज्या दाराने येतो, त्याच दाराने ते आले. २०१६ मध्ये वेंडीज या साखळीनेही हजाराहून अधिक शाखांमध्ये असा प्रोग्राम शिरल्याचे जाहीर केले आणि तिथेही बाहेरच्या सेवापुरवठादाराचे लॉगिन चोरांच्या हाती लागले होते.

यावरचा खरा उपाय म्हणजे क्रमांक रीडरच्या आतच, संगणकाला स्पर्श होण्यापूर्वी, कूटबद्ध करणे. याला पॉइंट-टू-पॉइंट एन्क्रिप्शन, थोडक्यात पीटूपीई, म्हणतात. यात कुलूप लावण्याची सोय यंत्रात असते आणि ते उघडण्याची किल्ली फक्त पेमेंट पुरवठादाराच्या सुरक्षित केंद्रात असते, तुमच्याकडे नसते. चांगल्या यंत्रणेत प्रत्येक व्यवहारासाठी वेगळी किल्ली तयार होते, त्यामुळे एक फुटली तरी बाकीचे व्यवहार उघडे पडत नाहीत. मग तुमच्या संगणकात कोणी शिरले तरी त्याला अर्थहीन अक्षरांपलीकडे काही मिळत नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा, कारण विक्रेते बहुधा तो तसाच राहू देतात. चिप असलेले कार्ड चालते म्हणजे माहिती कूटबद्ध झाली, असे नाही. चिप प्रत्येक व्यवहारासाठी एकदाच वापरता येणारा संकेत तयार करते, म्हणून त्या माहितीवरून नकली चिपकार्ड बनवता येत नाही. हा फार मोठा फायदा आहे आणि चुंबकीय पट्टीवर शक्यतो विसंबू नये हे खरेच. पण कार्डाचा क्रमांक आणि मुदत चिपमधून यंत्राकडे उघड्याच जातात. त्यामुळे चिप आणि पीटूपीई दोन्ही लागतात. एक आहे म्हणून दुसरे नको, असे कोणी सांगत असेल तर त्याला विषय कळलेला नाही.

दुसरी मागणी टोकनची करावी. व्यवहार झाल्यावर कार्ड-क्रमांकाऐवजी पुरवठादार तुम्हाला एक पर्यायी क्रमांक देतो. रिफंड द्यायचा असो, खाते बंद करायचे असो किंवा पुढच्या आरक्षणाची आगाऊ रक्कम घ्यायची असो, तो पर्यायी क्रमांक पुरतो आणि चोराला तो इतरत्र वापरता येत नाही.

आणि एक विनंती: ती आरक्षणाची वही आजच बंद करा. त्यात कार्डामागचा तीन अंकी कोडही लिहिला जात असेल, तर व्यवहार मंजूर झाल्यानंतर तो जपून ठेवायला कोणत्याही स्वरूपात परवानगी नाही, कागदावरसुद्धा नाही. पाहुण्याला पेमेंटची लिंक पाठवावी. क्रमांक तो स्वतः त्याच्या फोनवर भरेल आणि बँकेची पडताळणीही तिथेच होईल.

रात्रपाळी

तारयंत्र यांनी यंत्राच्या पोटातले सांगितले. मी बारच्या काउंटरमागे बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा काउंटरवरचे सांगते.

बारमध्ये सर्वांत मोठी घोडचूक म्हणजे खाते उघडताना पाहुण्याचे कार्ड मागून घेऊन ते काउंटरमागे ठेवणे. ही सवय इतकी जुनी आहे की तिच्यात काही धोका आहे असे कोणाला वाटतच नाही. गर्दीच्या रात्री तीसचाळीस कार्डे एका डब्यात उभी असतात, त्यांच्या दोन्ही बाजू कोणालाही दिसतात, फोनने फोटो काढायला दोन सेकंद लागतात आणि शेवटी कोणाचे तरी कार्ड भलत्याच माणसाच्या हाती जाते. आमच्याकडे एकदा असे झाले आणि त्या पाहुण्याची क्षमा मागताना मला जी शरम वाटली ती मी विसरलेली नाही. कोणी चोरी केली नव्हती. दिव्याच्या मंद उजेडात नाव वाचताना चूक झाली होती, एवढेच. पण ज्याचे कार्ड गेले त्याला कारणाशी काय कर्तव्य?

योग्य पद्धत अशी की पाहुण्याने स्वतः कार्ड यंत्राला लावावे, यंत्राने एका ठरावीक रकमेची पूर्वमंजुरी घ्यावी, आणि कार्ड लगेच त्याच्या खिशात परत जावे. खाते त्या टोकनवर उघडे राहते. रात्री बिल पक्के झाले की अंतिम रक्कम त्याच मंजुरीवर वसूल होते. यंत्रणा पाहताना माझ्यासमोर खाते उघडून दाखवा, त्यात वाढ करून दाखवा, दोघांत विभागून दाखवा आणि पाहुणा न सांगता निघून गेला तर काय होते तेही दाखवा, असा आग्रह धरावा. प्रात्यक्षिकात नेहमी सरळ व्यवहार दाखवतात. वाकडे व्यवहार आपण मागावे लागतात.

पूर्वमंजुरीची एक बाजू पाहुण्याच्या नजरेतून पाहायला हवी. ती रक्कम त्याच्या खात्यात अडकून राहते. बिल कमी झाले, किंवा त्याने शेवटी रोख पैसे दिले, आणि आपण मंजुरी रद्द करायला विसरलो, तर ते पैसे काही दिवस त्याला वापरता येत नाहीत. डेबिट कार्ड असेल तर ही गैरसोय मोठी असते. म्हणून खाते बंद होताच उरलेली मंजुरी आपोआप सोडणारी यंत्रणा घ्यावी, आणि किती रक्कम रोखून धरली जाईल हे पाहुण्याला आधी तोंडी सांगावे.

टेबलाकडे नेता येणारी हातातली यंत्रे घ्या, काउंटरवर एकच ठेवू नका. कार्ड पाहुण्याच्या नजरेआड जाता कामा नये. टिपसुद्धा पाहुण्याने स्वतः यंत्रावर टाकावी. स्वाक्षरीच्या चिठ्ठीवर लिहिलेली टिप नंतर कोणीतरी हाताने भरते, तेव्हा चूकही होते आणि लबाडीलाही जागा राहते.

आता इंटरनेट बंद पडण्याविषयी. ते नेमके गर्दीच्या वेळीच बंद पडते, म्हणून ऑफलाइन व्यवहारांची सोय हवीशी वाटते. पण ऑफलाइन घेतलेला व्यवहार बँकेने तपासलेला नसतो; यंत्र तो साठवते आणि जोडणी आली की पाठवते. त्या वेळी बँकेने नकार दिला तर पैसे बुडतात ते आपले. त्यामुळे ही सोय कोणाच्या हाती, किती रकमेपर्यंत आणि किती वेळ असावी हे आपल्याला ठरवता आले पाहिजे. मोबाइल सिमवर चालणारी दुसरी जोडणी यंत्रातच असली तर हा प्रसंग सहसा येतच नाही, आणि माझ्या मते तो खर्च सगळ्यात सार्थकी लागणारा आहे.

याला लागूनच एक फसवणूक स्टाफला अवश्य शिकवावी. कार्ड नाकारले गेले की पाहुणा बँकेला फोन लावल्याचे भासवतो आणि "बँकेने हा मंजुरी क्रमांक दिला आहे, तो हाताने टाका" असे सांगतो. यंत्रात तशी सोय चालू असेल तर कोणताही क्रमांक टाकला तरी व्यवहार झाल्यासारखा दिसतो आणि नंतर परत येतो. ती सोय पुरवठादाराकडून बंदच करून घ्यावी.

उंबरठा

दोन्ही प्रतिसाद मी आणि भागीदाराने एकत्र बसून वाचले. वही बंद केली आहे आणि जुन्या वह्या कागद कापण्याच्या यंत्रातून काढल्या. आता एक शंका अशी की तिन्ही प्रतिनिधींनी "आम्ही पीसीआय प्रमाणित आहोत, त्यामुळे तुम्हाला काही करावे लागत नाही" असे सांगितले. हे कितपत खरे आहे?

तारयंत्र

त्या वाक्याचा पहिला भाग खरा असू शकतो. दुसरा खरा नाही.

पीसीआय डीएसएस हे कार्डाची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकासाठीचे सुरक्षा मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २००६ मध्ये अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर, जेसीबी, मास्टरकार्ड आणि व्हिसा यांनी मिळून ते सांभाळण्यासाठी परिषद स्थापन केली. आवृत्ती ४.० मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, जुनी ३.२.१ ही ३१ मार्च २०२४ रोजी निवृत्त झाली, आणि नव्या आवृत्तीतल्या ज्या अटींना सवलतीची मुदत होती त्याही ३१ मार्च २०२५ पासून बंधनकारक झाल्या. विक्रेत्याच्या कागदांवर ३.२.१ चा उल्लेख असेल तर ते कागद शिळे आहेत.

पुरवठादार प्रमाणित असला तरी कार्ड स्वीकारणारा व्यापारी म्हणून तुमची जबाबदारी वेगळी उरते. लहान व्यावसायिकाला साधारणपणे दरवर्षी एक स्वयंमूल्यांकन प्रश्नावली भरून आपल्या बँकेला किंवा पुरवठादाराला द्यावी लागते. यंत्रणेच्या निवडीचा परिणाम इथे थेट दिसतो. परिषदेच्या यादीतली पीटूपीई यंत्रणा असेल तर प्रश्नावली छोटी असते आणि ती बहुतेक यंत्रांची राखण आणि स्टाफचे प्रशिक्षण यांविषयी असते. क्रमांक तुमच्या संगणकातून जात असेल किंवा तिथे साठत असेल तर हीच प्रश्नावली कितीतरी पटींनी मोठी होते आणि नेटवर्कची नियमित बाह्य तपासणीही मागे लागते.

म्हणून प्रतिनिधीच्या शब्दावर न थांबता तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, त्यांच्या अनुपालनाचे चालू वर्षाचे प्रमाणपत्र. दुसरी, पीटूपीई यंत्रणेचे आणि कार्डमशीनच्या मॉडेलचे परिषदेच्या यादीतले नेमके नाव. ही यादी परिषदेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येते आणि तिथे प्रत्येक यंत्राच्या मान्यतेची अंतिम तारीखही दिलेली असते. मुदत संपत आलेली यंत्रे स्वस्तात देऊन साठा संपवण्याचे प्रकार होतात. तिसरी, कोणती जबाबदारी त्यांची आणि कोणती तुमची याचा तक्ता. हा तक्ता द्यायला जो टाळाटाळ करतो, तो अडचणीच्या दिवशी फोन उचलणार नाही.

"आमचे स्वतःचे एन्क्रिप्शन आहे, फक्त यादीत नाही" असेही उत्तर येईल. ती यंत्रणा वाईटच असेल असे नाही, पण तिला परिषदेची मान्यता नाही आणि प्रश्नावली छोटी होण्याचा लाभ तिच्यामुळे आपोआप मिळत नाही. दोन यंत्रणा सारख्या वाटत असतील तर मी डोळे झाकून यादीतली घेईन.

खतावणी

मी व्यवसायाने लेखापाल आहे. सुरक्षिततेची चर्चा बाहेरच्या चोरांपाशी थांबते, याची मला नेहमी काळजी वाटते. मी पाहिलेले बहुतेक नुकसान आतून झालेले आहे.

आतली गळती साधारणपणे दोन वाटांनी होते. रोख बिल घेऊन नंतर ते व्हॉइड करणे, म्हणजे यंत्रणेत रद्द दाखवणे, ही एक आणि खोटा रिफंड स्वतःच्या किंवा मित्राच्या कार्डावर टाकणे ही दुसरी. दोन्हींसाठी मॅनेजरचा पिन लागतो. पण अनेक ठिकाणी तो पिन सगळ्यांना ठाऊक असतो, कारण गर्दीत मॅनेजरला दर वेळी बोलावणे जिवावर येते. यंत्रणा घेताना प्रत्येकाचे लॉगिन वेगळे हवे, रिफंड मूळ व्यवहाराशी जोडलेला आणि मूळ कार्डावरच जाणारा हवा, आणि व्हॉइड व रिफंडची नोंद कोणालाही पुसता येऊ नये. मॅनेजरसाठी पिनऐवजी स्वतःजवळ बाळगायचे कार्ड किंवा बोटाचा ठसा असला तर पिन वाटला जाण्याचा प्रश्नच मिटतो. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचे लॉगिन त्याच दिवशी बंद झाले पाहिजे. हे काम कोणाचे, तेही ठरलेले असावे.

दुसरे, कार्डमशीन आणि बिलिंग यांची जोडणी. वेगळे मशीन ठेवून त्यात रक्कम हाताने टाकली तर क्रमांक संगणकात येत नाही, हे खरे. पण हाताने टाकताना एक शून्य कमी-जास्त होते, आणि रात्री दोन्हीकडचे आकडे जुळवताना तासन्‌तास जातात. आता मधला मार्ग सगळीकडे मिळतो: बिलिंग सॉफ्टवेअर मशीनला फक्त रक्कम कळवते, कार्डाचा सगळा व्यवहार मशीन थेट पुरवठादाराशी करते, आणि सॉफ्टवेअरला "मंजूर" आणि टोकन एवढेच परत मिळते. या पद्धतीने सुरक्षितता राखूनही हिशेब जुळतो, म्हणून मी तिचाच आग्रह धरते.

चार्जबॅकसाठी, म्हणजे कार्डधारकाने बँकेकडे तक्रार करून रक्कम परत मागितली तर त्यासाठी, तयारी ठेवावी. कार्डधारकाला बऱ्याच प्रकारच्या तक्रारींसाठी साधारण १२० दिवसांपर्यंत मुदत असते. तोवर कोणाला काही आठवत नाही. बिलाचा तपशील, वेळ, चिप वाचली गेल्याची नोंद आणि टिप कोणी टाकली याची नोंद यंत्रणेतून लगेच काढता आली पाहिजे. बिलावर छापले जाणारे नाव आणि कार्डाच्या विवरणात दिसणारे नाव एकच ठेवा. कंपनीचे नोंदणीकृत नाव वेगळे असले की पाहुणा ते ओळखत नाही आणि खऱ्या व्यवहारावरही तक्रार करतो.

करारात मुदतीपूर्वी बाहेर पडण्याची अट वाचा, आणि सोडून जाताना टोकन नव्या पुरवठादाराकडे नेता येतील का हे विचारा. ते नेता येत नसतील, तर उद्या सेवा बिघडली तरी तुम्ही त्याच दाराशी बांधलेल्या राहाल.

दिवेलागण

आमच्याकडे घडलेली गोष्ट लिहिते, कारण या चर्चेत तिची उणीव आहे.

एका सकाळी दुरुस्ती कंपनीचा माणूस म्हणून एकजण आला, अंगावर ओळखपत्र होते, आणि "यंत्राचे अपडेट आहे" असे सांगून त्याने काउंटरवरचे कार्डमशीन बदलून दिले. त्या वेळी तिथे एक नवीन मुलगा होता. त्याने विश्वास ठेवला, त्यात त्याचा दोष नाही, आम्ही त्याला काहीच शिकवले नव्हते. दिवसाअखेर आकडे जुळेनात म्हणून पुरवठादाराला फोन केला, तेव्हा त्यांनी कोणालाही पाठवले नव्हते हे कळले. सुदैवाने मशीन एका दिवसातच बंद झाले, पण त्या दिवशीच्या प्रत्येक पाहुण्याला फोन करून सांगताना जे वाटले ते कोणाच्या वाट्याला येऊ नये.

त्यानंतर आम्ही प्रत्येक मशीनचा अनुक्रमांक आणि सगळ्या बाजूंचे फोटो एका फाइलमध्ये ठेवले. रोज दुकान उघडताना एक ठरलेला माणूस मशीन हातात घेऊन अनुक्रमांक ताडतो, सील पाहतो, कार्ड घालण्याची खाच बोटाने चाचपतो, आणि वजन किंवा जाडी वेगळी लागते का ते पाहतो. या कामाला दोन मिनिटे लागतात. पूर्वसूचना नसताना आलेल्या कोणाही तंत्रज्ञाला मशीनला हात लावू द्यायचा नाही. आपण आपल्याकडच्या नंबरवर कंपनीला फोन करायचा, त्याने दिलेल्या नंबरवर नाही. कॅमेरे लावताना त्यांच्यातून पिन टाकणारी बोटे दिसणार नाहीत अशी दिशा ठेवली.

क्यूआर कोडने पैसे घेत असाल तर टेबलावर चिकटवलेल्या छापील कोडवर दुसरा कोड चिकटवणे फार सोपे असते. दर बिलाला पडद्यावर नवा तयार होणारा कोड वापरा, आणि पैसे आल्याची खात्री आपल्या यंत्रावर करा. पाहुण्याच्या फोनवरचे चित्र हा पुरावा नव्हे.

पायवाट

मी एकट्याने अगदी लहान जागा चालवतो. वरचे सगळे बरोबर असेल, पण वाचून असे वाटते की लहान माणसाने हा धंदाच करू नये. माझ्याकडे एकच स्वतंत्र कार्डमशीन आहे, ते कोणत्याही संगणकाला जोडलेले नाही, त्याचे स्वतःचे सिम आहे. रात्री त्यातून व्यवहारांची छापील पट्टी काढतो आणि वहीतल्या बिलांशी ताडतो. यात मी काही चुकतो आहे का?

तारयंत्र

पायवाट, तुम्ही चुकत नाही. उलट तुमची व्यवस्था अनेक मोठ्या जागांपेक्षा सुरक्षित आहे, कारण तिच्यात चोराला शिरायला जागाच फार थोडी आहे. दिवेलागण यांनी सांगितलेली रोजची तपासणी तेवढी सुरू करा, आणि मशीनच्या मान्यतेची तारीख एकदा पाहून घ्या. हाताने कार्ड-क्रमांक टाकण्याची सोय लागत नसेल तर ती बंद करून घ्या. फोनवरच कार्ड टॅप करून घेणारी ॲप आता मिळतात आणि त्यांच्यासाठी परिषदेचे एमपीओसी हे मानक २०२२ मध्ये आले आहे. ती घेणार असाल तर त्या यादीतलीच घ्या आणि तो फोन घरच्या वापराला देऊ नका.

उंबरठा, तुमच्या जागेसाठी मात्र नेटवर्कचे दोन शब्द. पेमेंटची यंत्रे, कार्यालयीन संगणक आणि पाहुण्यांचे वाय-फाय ही तीन वेगळी जाळी असावीत आणि एकातून दुसऱ्यात जाता येऊ नये. राउटरचा कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. नव्या मानकाप्रमाणे पासवर्ड किमान १२ अक्षरांचा हवा. दूरून दुरुस्तीची सोय एरवी बंद असावी, काम असेल तेव्हा तुमच्या माणसाने ती चालू करावी, पासवर्डाशिवाय दुसरी पडताळणी असावी, आणि काम संपताच ती पुन्हा बंद व्हावी. बिलिंगच्या संगणकावर ईमेल नको. त्यावर विंडोज १० असेल तर त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हेही लक्षात घ्या.

उंबरठा

तिन्ही कंपन्यांना लेखी प्रश्न पाठवले होते. एकीने उत्तर दिले नाही. दुसरीने माहितीपत्रक पुन्हा पाठवले. तिसरीने यादीतले नाव, मान्यतेच्या तारखा आणि जबाबदाऱ्यांचा तक्ता दिला, शिवाय टोकन हलवता येतील असे करारात लिहून द्यायची तयारी दाखवली. तिची किंमत तिघींत जास्त आहे, तरीही आम्ही तिचीच निवड केली. प्रात्यक्षिकाच्या दिवशी रात्रपाळी यांनी सांगितल्याप्रमाणे खाते उघडे ठेवून पाहुणा निघून गेल्याचा प्रसंग करून पाहिला. त्यात पूर्वमंजुरी सुटायला हाताने बटण दाबावे लागते असे दिसले. ते आपोआप व्हावे अशी मागणी केली आहे आणि ती पूर्ण झाल्यावरच स्वाक्षरी करणार आहोत.

त्या कुटुंबाला मी बोलावून सगळे सांगितले, आपण काय चुकत होतो तेही सांगितले. ते पुन्हा येऊ लागले आहेत.

शेवटचा एक प्रश्न: जुना बिलिंगचा संगणक एका ओळखीच्यांना शाळकरी मुलासाठी द्यायचा विचार आहे. फाइली पुसून दिला तर चालेल ना?

तारयंत्र

तसा देऊ नका. फाइल पुसली तरी मजकूर डिस्कवर राहतो, आणि जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरने त्रुटींच्या नोंदींमध्ये किंवा बॅकअपमध्ये पूर्ण कार्ड-क्रमांक लिहून ठेवलेले मी अनेकदा पाहिले आहेत, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. आधी डिस्क काढून घ्या. हिशेबासाठी लागणारी बिले वेगळी उतरवून घ्या, पण त्या फाइलींमध्ये कार्ड-क्रमांक शोधणारे साधन चालवल्याशिवाय त्या नव्या संगणकात नेऊ नका. मग डिस्क भोके पाडून किंवा तुकडे करून नष्ट करा, आणि मुलाला संगणक नवीन डिस्क घालून द्या. बॅकअपच्या पेन ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअरवाल्याकडे ठेवलेल्या प्रती यांचीही हीच वाट लावायची आहे. त्याच्याकडून प्रती नष्ट केल्याचे लेखी घ्या.

उंबरठा

डिस्क काढून कपाटात कुलपात ठेवली आहे. सॉफ्टवेअरवाल्याला आज पत्र पाठवले.